ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, म्हणून सिगारेट ओढणाऱ्याचे रक्त निर्दोष मानावे का?

लष्करवासी (लष्कर, मुरार आणि थाटीपूर हे ग्वाल्हेरचे भाग) : थंडीत बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपू नये, हे आपल्या ग्वाल्हेरात घरोघरी बजावले जाते, कारण त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड जीव घेतो. तोच वायू अर्धवट जळणाऱ्या तंबाखूतून रोज छातीत जातो आणि वायू असल्यामुळे सिगारेटचा नेहमीचा फिल्टर त्याला अडवत नाही. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो. धूम्रपान न करणाऱ्यांत असे अडलेले हिमोग्लोबिन साधारण १ ते २ टक्क्यांपर्यंत असते. नियमित ओढणाऱ्यांत ते बहुधा ३ ते ८ टक्के असते आणि फार ओढणाऱ्यांत १० टक्क्यांच्याही पुढे जाते. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर ऑक्सिजन घेतलेले आणि या वायूने अडलेले हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखत नाही, म्हणून त्यावरचा ९८ हा आकडा फसवा ठरतो. श्वासातून हा वायू मोजणारे छोटे यंत्र असते. रक्तदाबाप्रमाणे ही तपासणीही दवाखान्यांत सर्रास व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

मुरारचा वाचक : मी असहमत आहे. साध्या हवेत हा वायू चार-पाच तासांत निम्म्यावर येतो. रात्रभर झोपून सकाळी तपासणीला गेलेल्या माणसाचा आकडा कमी येईल आणि तो निर्धास्त होऊन पुढची सिगारेट पेटवेल. कर्करोगाला कारणीभूत होणारे टारमधील घटक या यंत्राला दिसत नाहीत. शिवाय वाहनांच्या आणि शेगडीच्या धुराचा वाटा वेगळा कसा काढणार?

थाटीपूर : शेगडीविषयीचा आक्षेप मान्य, कारण बंद खोलीतला तो धूर आकडा खरोखर वाढवतो. वाहनांचे मात्र तसे नाही. त्याच रस्त्याने रोज जाणाऱ्या, धूम्रपान न करणाऱ्या माणसाचा आकडा एरवी कमीच राहतो. आणि वायू लवकर उतरतो हीच तर या तपासणीची खरी ताकद आहे. फुप्फुसांचे नुकसान भरून यायला वर्षे लागतात आणि काही भरून येतही नाही. हा आकडा मात्र सिगारेट सोडल्यापासून एक-दोन दिवसांत सामान्य होतो, आणि व्यसनाशी झगडणाऱ्या माणसाला एवढ्या लवकर दिसणारा पुरावा दुसरा क्वचितच मिळतो.

मुरारचा वाचक : सोडू पाहणाऱ्यांसाठी ते मला पटते, सरसकट सर्वांसाठी नाही. आणि केवळ सिगारेटच का? तेंदूच्या पानातून हवा सहज आत येत नाही, त्यामुळे बिडी विझू नये म्हणून वरचेवर जोराने ओढावी लागते आणि हा वायू सिगारेटहूनही अधिक मिळतो. आपल्या प्रदेशात हे आधी बोलले पाहिजे.

लष्करवासी : बिडीचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो. तपासणीबाबत मात्र माझा आग्रह कायम आहे, कारण ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याच्या स्नायूंना मिळणाऱ्या ऑक्सिजनमध्ये थोडीशी घटही चालता चालता छातीत कळ आणू शकते. सकाळच्या फसव्या आकड्यावर उपाय साधा आहे : आकड्याशेजारी शेवटची बिडी किंवा सिगारेट किती वाजता ओढली ते लिहावे आणि तपासणी शक्यतो दुपारनंतर करावी.