'रेट्रो'ला मराठीत काय म्हणाल? जुन्या वळणाची की गिरवलेली?

अर्धविराम:
एका लेखाचं भाषांतर हातात आहे. विषय डॉज चॅलेंजर. १९७० च्या मसल कारचा चेहरामोहरा घेऊन २००८ मध्ये पुन्हा अवतरलेली गाडी. लेखात दर तिसऱ्या ओळीला 'रेट्रो' आहे. गंमत अशी की गाडीवर लट्टू झालेलेही हाच शब्द वापरतात आणि नाकं मुरडणारेही हाच. 'जुनाट' लिहिलं तर शिवी वाटते. 'पुरातन' म्हटलं की हेमाडपंती देऊळ डोळ्यांपुढे येतं. शिवाय 'मसल कार'चं, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या अमेरिकी गाडीचं, काय करू? 'स्नायूगाडी' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं.

दौत:
स्नायूगाडी आधी खोडा. 'मसल'चं मूळ लॅटिन, अर्थ 'छोटा उंदीर'. दंड आवळला की कातडीखाली उंदीर सरकल्यासारखा दिसतो म्हणून. आपल्याकडे त्याच जागी बेडूक बसलाय: बेडकी, बेटकुळी. वर्गातली पोरं बाही वर करून एकमेकांना बेटकुळ्या दाखवायची, मीही मोजून दिल्यात. पण गाडीला बेटकुळी म्हटलं तर थट्टा होईल. मला 'रगेल' सुचतो. रग म्हणजे नुसती ताकद नव्हे, ताकद अंगात मावेनाशी झाली की चढणारा माज.

मागचं चाक:
दौतताई, रगेल फिट्ट बसतो. मी डेट्रॉइटजवळ राहतो, गाड्यांच्याच धंद्यात आहे. मसल कारची गोष्ट बहुतेक जण १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून सांगतात: मध्यम आकाराची चारचौघींसारखी गाडी आणि तिच्यात कोंबलेलं ३८९ घनइंचाचं, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन. माज चढणार नाही तर काय!

अर्धविराम:
'रगेल गाडी' घेतला. आणि रेट्रोला 'जुन्या वळणाची' चालेल का?

मागचं चाक:
मसल कारला आणि वळण? ती सरळ रस्त्यावरची वाघीण. वळण आलं की तिची शेळी होते, निदान जुन्या गाड्यांची तरी व्हायची.

दौत:
कोटी चांगली, पण शब्द सोडू नका. वळण रस्त्याचं, तसंच घराण्याचं आणि अक्षराचंही. वडिलांच्या अक्षराचं वळण मुलीच्या हाताला येतं, पण ती मजकूर स्वतःचा लिहिते. गिरवणं वेगळं. पाटीवर आधीच काढलेल्या अक्षरावरून पुन्हा पेन्सिल फिरवायची. तुमच्या लेखातले भांडणारे याच दोन गोष्टींवरून भांडतायत की काय?

मागचं चाक:
अगदी हेच! २००५ ची फोर्डची मस्टँग आली तेव्हा बहुतेकांना तिच्यात साठच्या दशकाचं वळण दिसलं. मग जानेवारी २००६ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात शेव्हर्लेची कॅमॅरो आणि डॉजची चॅलेंजर, दोन्हींचे नमुने एकदमच मांडले गेले. कॅमॅरोने १९६९ चं वळण घेतलं, पण अक्षर आजचं. चॅलेंजरने सरळ गिरवलं: खोल जाळीतले चार गोल दिवे, मागे रुंदीभर लाल पट्टी, मागच्या चाकांवर बैलासारखे भरलेले पुठ्ठे. काही म्हणाले, डिझायनरांनी केलं काय, नुसता छाप घेतला. काहींनी गाडी बघायच्या आधीच पैसे भरले.

पण गिरवतानाही पेन्सिल सुटलीच. इथल्या वुडवर्ड अव्हेन्यूवर दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. तिथे एकदा १९७० ची आणि २००९ ची चॅलेंजर शेजारी-शेजारी लागलेल्या पाहिल्या. जुनीचे मालक सत्तरीचे, खिडकीवर कोपर टेकून आरामात बसलेले. त्यांना नवीत बसवलं. सवयीने कोपर बाहेर काढायला गेले तर ते पार कानाशी आलं. हसले, काच वर केली आणि उतरले. नवी पुढच्या-मागच्या चाकांमध्ये सहा इंच जास्त लांब, दारं उंच आणि तिच्या एसआरटी-८ या दांडग्या आवृत्तीचं वजन १,८८० किलोच्या आसपास. फोटोत हे कळत नाही, शेजारी लावल्यावर कळतं.

अर्धविराम:
मग 'गिरवलेली' हा दोषच ना? चाहत्यांच्या तोंडी कसा घालू?

मागचं चाक:
दोष कसा? गिरवणारीच टिकली. रूप फारसं न बदलता २००८ पासून २०२३ च्या अखेरीपर्यंत कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून निघत राहिली. २०२१ आणि २०२२ मध्ये तर अमेरिकेत मस्टँगपेक्षा जास्त खपली. लोकांना तेच अक्षर हवं होतं हो. रंगांची नावंसुद्धा जुनीच परत आणली. नारिंगी 'गो मँगो' तर आपल्याला भाषांतराशिवाय कळतो. जांभळा मात्र 'प्लम क्रेझी'. प्लम म्हणजे आलुबुखार आणि 'प्लम्ब क्रेझी' म्हणजे ठार वेडा. ही कोटी मराठीत आणून दाखवा!

दौत:
'जांभुळवेडा' करा. कोटी गेली तरी वेड राहतं.

अर्धविराम:
लेखाच्या शेवटी डॉजचीच २०२४ ची विजेवरची गाडी आहे, 'चार्जर डेटोना'. तिला इंजिनच नाही, तरी भोंग्यातून व्ही-८ सारखा आवाज काढतात. चाहते बिथरलेत. इथेही 'रेट्रो'च आहे!

दौत:
हे वळण नाही, गिरवणंही नाही. हे सोंग. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणतात. आवाजाचं येतं का ते यांना विचारा.

मागचं चाक:
आवाज मोठा आहे, एवढंच बोलतो. आम्हाला याच धंद्यात राहायचंय. पण शब्दांच्या माणसांसाठी एक खाऊ: त्या गाडीवरच्या त्रिकोणी चिन्हाचं नाव 'फ्रॅट्झॉग'. साठच्या दशकातलं चिन्ह आहे. तेव्हा नाव काहीतरी द्यायला हवं म्हणून डिझायनरांपैकी कुणीतरी हा शब्द ठोकून दिला. अर्थ शून्य. त्याचं भाषांतर करू नका.

अर्धविराम:
बरं झालं सांगितलंत, मी दोन शब्दकोश पालथे घातले होते! तर ठरलं: कौतुक करणाऱ्यांच्या तोंडी 'जुन्या वळणाची', टीकाकारांच्या तोंडी 'गिरवलेली', विजेवालीला 'सोंग'. चाहता स्वतःच 'हो, गिरवलीय, मग?' म्हणाला तर तेही चालेल. आता एकच अडलंय. 'शेकर हूड'. हवा ओढणारा डबा इंजिनावरच बसवलेला असतो, बॉनेटला पाडलेल्या भोकातून वर डोकावतो आणि गाडी सुरू झाली की इंजिनाबरोबर हलतो. 'थरथरणारं झाकण' लिहिलंय, पण जीव नाही त्यात.

दौत:
'घुमतं' म्हणा. अंगात आलेलं माणूस घुमतं, तसं.