'रांचो'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
स्पॅनिश अमलातल्या कॅलिफोर्नियावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात पावलोपावली रांचो (गुरं पाळायची एखाद्याची अफाट जमीन), बाकेरो (तिथली गुरं राखणारा), रोदेओ, मातान्सा. सध्या 'रांचो'ला 'गोठा' आणि 'बाकेरो'ला 'गवळी' लिहून पुढे गेलेय, पण खटकतंय. 'कुरण' किंवा 'गायरान' चालेल का?

प्रतिसाद
गोठा आणि गवळी दोन्ही काढा. दोन्हींत दूध आलं, आणि तिथे दुधासाठी गुरं पाळतच नव्हते म्हटलं तरी चालेल. १७६९ मध्ये सान दिएगोला पहिलं मिशन, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांचं धर्मप्रसाराचं ठाणं, उभं राहिलं. मेक्सिकोकडून हाकत आणलेली थोडी गुरं डोंगरउतारांवर मोकळी सोडली. ना छप्पर, ना दावं, ना वैरण. ती बेसुमार वाढली. पैसा होता कातडीत आणि चरबीत. 'मातान्सा' म्हणजे ठरल्या हंगामातली सामूहिक कत्तल: कातडी सोलायची, चरबी मोठ्या कढयांत वितळवून कातड्याच्याच पिशव्यांत भरायची, मांस लागेल तेवढं ठेवायचं, बाकीचं तिथेच टाकायचं. १८२१ मध्ये स्पेनची सत्ता जाऊन मेक्सिकोची आली, बंदरं खुली झाली आणि बॉस्टनची जहाजं हाच माल न्यायला येऊ लागली. नाणं दुर्मीळ, म्हणून कातडंच चलन झालं.

'गायरान' तर अगदी उलटं. ते गावाचं, सगळ्यांचं, रांचो एकाचा. 'कुरण' त्यातल्या त्यात जवळ, पण त्यात हक्काची बाब येत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. १७८४ मध्ये गव्हर्नर पेद्रो फाखेस याने दोमिंगेस, निएतो आणि वेर्दुगो या तिघा सैनिकांना सान पेद्रो-लॉस एंजेलिसच्या बाजूला अफाट जमिनी दिल्या. दिल्या म्हणजे काय, तर गुरं चारायची परवानगी दिली; मालकी राजाचीच. निएतोच्या वाट्यावर पुढे सान गाब्रिएल मिशनने हरकत घेतली आणि त्याचा बराच भाग कापला गेला. चाकरीबद्दल जमीन म्हणून 'इनाम' लिहायचा मोह होईल. पण आपल्याकडे इनाम म्हटलं की शेतसाऱ्याच्या माफीचा विचार आधी येतो. स्पॅनिश काळापुरतं 'चराईचा पट्टा' म्हणा. मेक्सिकोच्या अमलात मिशनच्या जमिनी काढून घेतल्या आणि खरीखुरी मालकीपत्रं वाटली गेली. तिथे हा शब्द लागू नाही. मी तर 'रांचो'च ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे दोन ओळींत उलगडून सांगीन.

प्रतिसाद
सहमत. त्यांच्या मोजमापाचीही गंमत आहे. जमीन देताना एकक असे 'सितिओ दे गानादो मायोर', म्हणजे 'मोठ्या जनावरांची जागा': एक चौरस लीग, साधारण ४,४०० एकर. मेंढ्या-शेळ्यांच्या जागेला 'गानादो मेनोर', आणि ती लहान. आपण गुरंढोरं आणि शेरडंमेंढरं वेगळी धरतो, तशीच ही वाटणी. तिथे मात्र ती थेट जमिनीच्या मापात उतरली.

प्रश्नकर्ती
पटलं. मग बाकेरो?

प्रतिसाद
'गुराखी' म्हटलं की काठी घेऊन गावाची गुरं राखणारं पोर दिसतं. बाकेरो घोड्यावर, हातात 'रेआता', म्हणजे कातड्याचा वळलेला फास. 'खिलारी' पाहा. खिलार म्हणजे गुरांचा कळप, तो राखणारा खिलारी. अडचण एकच, लोकांना आधी बैलाची जात आठवेल. म्हणून 'घोडेस्वार गुराखी' बरं.

आणि लेखात एक गोष्ट सुटली असेल तर तळटीप द्या: बाकेरो बहुतेक तिथले मूळनिवासीच होते. त्यांनी घोड्यावर बसू नये असा स्पॅनिश नियम होता, पण मिशनच्या पाद्र्यांपाशी हजारो गुरं आणि माणसं मोजकी. नियम गुंडाळून ठेवून त्यांनाच शिकवलं. ज्या गवताच्या बिया हे मूळनिवासी पिढ्यान्‌पिढ्या गोळा करून खात, ती गवतं याच गुरांनी फस्त केली. पोटासाठी मिशनच्या दारी जाण्यामागे तेही एक कारण होतं.

प्रतिसाद
'रोदेओ'ला 'खेळ' लिहू नका, तो अर्थ फार नंतरचा. मूळ क्रियापद 'रोदेआर', वेढणं. कुंपणं नाहीत, शेजाऱ्यांची गुरं मिसळलेली; मग सगळे मिळून ती घेरून आणायची, वासरू ज्या गाईमागे जाईल तिच्या डागावरून मालक ठरवायचा, आणि त्यालाही डाग द्यायचा. भांडण झालं तर निवाड्याला 'हुएस दे काम्पो', म्हणजे रानाचा न्यायाधीश. 'गुरांची घेर-मोजणी' कसं वाटतं? जरा सरकारी वाटतं, कबूल.

डागासाठी 'डाग'च ठेवा, आपला शब्द आहे. देवाला सोडलेल्या पोळाला त्रिशूळाचा डाग देतात, तो मात्र मालकी सोडल्याची खूण. इथे नेमका मालकी सांगण्यासाठी.

प्रश्नकर्ती
'घेर-मोजणी' नको, 'गुरं घेरणं' लिहिते. रांचो तसाच ठेवतेय. 'मातान्सा'ला 'कत्तलीचा हंगाम'.