मदत हवी आहे : बाजारभावाच्या साइटवर जाहिराती किती ठेवाव्यात?

नमस्कार मंडळी. सोलापूर बाजार समितीतले कांद्याचे रोजचे भाव देणारी छोटी वेबसाइट मी आणि माझा मावसभाऊ चालवतो. मोहोळ, बार्शी, मंगळवेढ्याकडचे शेतकरी गाडी भरण्याआधी मोबाईलवर भाव बघतात. साइटचा खर्च आणि भाव टिपून आणणाऱ्या पोराचा पगार जाहिरातींतूनच निघतो.

आता जाहिराती पुरवणारी कंपनी म्हणते, पान उघडताच पूर्ण स्क्रीनची जाहिरात लावा, पैसे जास्त मिळतील. भाऊ तयार आहे. मला पटत नाही. घाईत भाव बघणाऱ्या माणसाला आधी कर्जाच्या ॲपची जाहिरात दिसावी आणि ती बंद करायची फुली बोटाला सापडूच नये, हा अन्याय आहे. वर डेटा त्याचाच जळतो.

शिवाय गूगलने जानेवारी २०१७ पासून मजकूर झाकणारी पानं मोबाईलवरच्या शोधात खाली ढकलायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०१८ पासून, त्रासदायक जाहिराती वारंवार दाखवणाऱ्या साइटवरच्या सगळ्याच जाहिराती क्रोम अडवू शकतो. म्हणजे होतं ते उत्पन्नही जायचं.

इथे कुणी अशी स्थानिक साइट चालवतं का? बियाणं, खतं, ठिबकवाल्या दुकानांकडून थेट महिन्याच्या दराने जाहिराती घेतल्या तर खर्च भागतो का? दर कसा ठरवता, वाचकसंख्येवर की ठोक? आणि दुकानदाराला वाचकांचा कोणता आकडा दाखवला की तो तयार होतो? भावाला समजावायला प्रत्यक्ष अनुभवच हवेत.