खासगी थेरपिस्टकडे जाण्यापूर्वी काय काय विचारून घ्यावे?

उंबरठ्यावर:

नमस्कार. बरेच दिवस टाळाटाळ केल्यावर एका खासगी मानसोपचारकांकडे थेरपी सुरू करायचे मी ठरवले आहे. मध्यरात्रीनंतर जाग आली की पुन्हा झोप लागत नाही, कामात लक्ष टिकत नाही आणि क्षुल्लक कारणावरून घरच्यांवर आवाज चढतो. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन वगैरे तपासून घेतले, त्यात काही निघाले नाही, आणि कोणाशी तरी नीट बोला असे त्यांनीच सुचवले. तेव्हा जायचे की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही; अडचण निव्वळ व्यवहाराची आहे. पहिल्या फोनवर कितपत सांगायचे असते? समोरची व्यक्ती खरोखर शिकलेली आहे हे कसे पडताळायचे? एखाद्या आठवड्यात जाता आले नाही तरी पैसे भरावे लागतात असे ऐकले, ते रास्त आहे का? मी जे बोलेन ते कुठे लिहून ठेवले जाते आणि कोण वाचू शकते? आणि हे सगळे चालते तरी किती दिवस? हे प्रश्न त्यांनाच विचारणे उद्धटपणाचे दिसेल या संकोचापायी फोन अजून केलेला नाही.

मितभाषी:

संकोचापासूनच सुरुवात करतो. या प्रश्नांची उत्तरे थेरपिस्टने आपणहून द्यावीत अशी अपेक्षा असते, त्यामुळे ते विचारण्यात उद्धटपणा कसला? शिक्षण, फी किंवा उपचाराची पद्धत यांविषयी विचारल्यावर जो नाराज होतो किंवा 'विश्वास ठेवा, सगळे ठीक होईल' एवढ्यावरच बोळवण करतो, त्याच्याकडे न गेलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

फोनवर दोन-तीन वाक्ये पुरतात: त्रास कोणता, साधारण कधीपासून, सध्या काही औषधे चालू आहेत का आणि तुम्हाला कोणती वेळ जमते. सत्र चालू असताना थेरपिस्ट फोन उचलत नाहीत, म्हणून निरोप ठेवावा आणि परत फोन केव्हा आलेला चालेल तेही सांगून ठेवावे, म्हणजे घरातली सगळी मंडळी समोर बसलेली असताना तो वाजत नाही.

पात्रतेबाबत मात्र थोडे जागरूक राहा, कारण अनेक देशांत 'थेरपिस्ट' किंवा 'समुपदेशक' ही बिरुदे कायद्याने राखीव नाहीत आणि काही आठवड्यांचा अभ्यासक्रम करून कोणीही तशी पाटी लावू शकते. पदवी कोणत्या विषयातली, देखरेखीखाली प्रत्यक्ष काम किती केले, आणि तक्रार घेऊ शकेल अशा कोणत्या नोंदणी मंडळाचे किंवा व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व आहे, हे तिन्ही विचारा. सदस्यत्व त्या संस्थेच्या यादीत स्वतः पाहून घेता येते. माझ्या मते भिंतीवरच्या प्रमाणपत्रांपेक्षा 'माझ्यासारख्या तक्रारींवर तुम्ही नेहमी काम करता का आणि ते कसे करता?' या प्रश्नाच्या उत्तरातून अधिक कळते.

आता पैशांचे. गैरहजेरीची फी ही आजची टूम नाही. उपचाराच्या आरंभाविषयी १९१३ साली लिहिलेल्या लेखात मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी सरळच म्हटले होते की दिवसातला एक ठरावीक तास रुग्णाच्या नावे राखलेला असतो आणि तो वापरला नाही तरी त्याची जबाबदारी रुग्णाचीच राहते. आजचे बहुतेक थेरपिस्ट इतके कडक नसतात. चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास आधी कळवले तर फी घेत नाहीत. तो तास ऐनवेळी दुसऱ्या कोणाला देता येत नाही, त्यामुळे अट मला रास्त वाटते, पण ती पहिल्या सत्राच्या आधी आणि लेखी स्वरूपात कळायला हवी. अचानक आलेले आजारपण, थेरपिस्टची स्वतःची रजा, फीमधली वाढ आणि आगाऊ भरलेल्या सत्रांचे पैसे परत मिळणे, यांबद्दलही त्याच वेळी विचारून घ्या. भेटीपूर्वीच दहा-वीस सत्रांचे पॅकेज गळ्यात मारणाऱ्यांना मी तरी नकार देईन.

दुसरी बाजू:

मी याच व्यवसायात आहे, म्हणून गोपनीयता आणि नोंदी यांपुरतेच लिहिते.

आम्ही साधारणपणे दोन प्रकारचे लिहितो. एक अधिकृत नोंद असते: तारीख, मुख्य विषय, धोक्याचे काही जाणवले का आणि पुढे काय करायचे ठरले, अशा मोजक्या ओळी. दुसरी टिपणे आमच्या स्वतःच्या विचारासाठी असतात आणि ती सगळेच ठेवतात असे नाही. नोंदी कागदावर असतात की संगणकावर, किती वर्षे ठेवल्या जातात आणि तुम्हाला त्या पाहता येतील का, हे तिन्ही विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. शिवाय आमच्यापैकी बरेच जण नाव-गाव वगळून आपल्या कामाची चर्चा एखाद्या अनुभवी सहकाऱ्याशी नियमितपणे करतात. ती चहाटळकी नसून प्रशिक्षणाचाच भाग आहे, पण रुग्णाला त्याची कल्पना आधी दिलेली असावी. विमा कंपनी खर्च उचलणार असेल तर तिला बहुधा निदान कळवावे लागते, हेही लक्षात असू द्या.

गोपनीयता पूर्णपणे निरपवाद नसते. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका, बालकाचा छळ आणि न्यायालयाचा आदेश हे नेहमी सांगितले जाणारे अपवाद आहेत, मात्र त्यांचे नियम ठिकाणानुसार बदलतात. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये तारासॉफ खटल्यात असा निर्णय दिला की रुग्णाकडून एखाद्या व्यक्तीला गंभीर धोका असेल तर तिच्या रक्षणासाठी वाजवी पावले उचलणे हे थेरपिस्टचे कर्तव्य आहे. त्या निकालाचा प्रभाव पुढे दूरवर पोहोचला. तरीही 'जगावेसे वाटत नाही' असा विचार मनात येतो एवढे बोलल्याने लगेच कोणाला फोन केला जातो, ही भीती बाळगू नका. अशा वेळी आम्ही आधी त्याबद्दल तुमच्याशीच सविस्तर बोलतो. तसे विचार तीव्र असतील तर मात्र ठरलेल्या भेटीची वाट न पाहता तातडीची मदत घ्यावी.

आणखी एक. आमच्यापैकी बहुतेकांना औषधे लिहून देता येत नाहीत, ते काम मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचे. कोणी थेरपी सुरू झाली म्हणून चालू गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर ज्यांनी त्या दिल्या त्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज काहीही करू नका.

उंबरठ्यावर:

दोघांचेही आभार, बराच उलगडा झाला. राहिलेला प्रश्न एवढाच की उपयोग होतो आहे की नाही हे कशावरून ओळखायचे? आणि माणूस पटला नाही तर गुपचूप जाणे बंद करावे का?

आकडेमोड:

कालावधीबद्दल बहुतेक जण 'ते प्रत्येकावर अवलंबून असते' असे म्हणून थांबतात. ते खरेच आहे, पण अंदाज बांधता येतो. मानसशास्त्रज्ञ केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अनेक जुन्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून दाखवले की आठ सत्रांपर्यंत सुमारे निम्म्या रुग्णांत आणि सव्वीस सत्रांपर्यंत सुमारे ७५ टक्के रुग्णांत मोजता येण्याजोगी सुधारणा दिसते. हे सरासरीचे आकडे आहेत, तुमचे वेळापत्रक नव्हे. तुमच्या बाबतीत झोपेची तक्रार ठळक आहे, म्हणून हेही सांगतो की अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळ्यांऐवजी निद्रानाशासाठीच्या बोधात्मक वर्तनोपचाराची, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याच्या पद्धतीची, शिफारस केली. तो सहसा चार ते आठ सत्रांत आटोपतो आणि त्यात रोज सकाळी झोपेची डायरी भरावी लागते: अंथरुणावर कधी पडलो, झोप अंदाजे कधी लागली, किती वेळा जाग आली, उठलो केव्हा. ही पद्धत त्यांना येते का, हे पहिल्याच फोनवर विचारा. ती डायरी आजपासून भरायला सुरुवात केलीत तरी चालेल, पहिल्या भेटीत तिचा उपयोगच होईल.

उपयोग मोजण्यासाठी अनेक थेरपिस्ट पीएचक्यू-९ सारखी छोटी प्रश्नावली मधूनमधून भरून घेतात. नैराश्याच्या लक्षणांवरचे नऊ प्रश्न, शून्य ते सत्तावीस गुण. पण तुमचा स्वतःचा मापदंडही असू द्या, उदाहरणार्थ घरच्यांवर आवाज चढण्याचे प्रसंग कमी झाले का.

माणूस पटण्याविषयी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये केलेली मांडणी मला फार उपयोगी वाटते. त्यांच्या मते थेरपिस्ट आणि रुग्ण यांची जोडी तीन गोष्टींवर टिकते: कुठे पोहोचायचे यावर एकमत, त्यासाठी काय करायचे यावर एकमत आणि परस्परांतला विश्वासाचा बंध. दोन-तीन सत्रांनंतर या तिन्हींचा विचार करा. बोलून झाल्यावर जड वाटणे हे न पटण्याचे लक्षण नाही, पुष्कळदा ते काम सुरू झाल्याचेच लक्षण असते. परंतु आपले ऐकून न घेता उपदेश केला जातो, थेरपिस्ट स्वतःच्याच गोष्टी सांगत बसतो किंवा आपल्याला लाज वाटेल अशी टीका होते, असे अनुभव येऊ लागले तर ते त्याच खोलीत बोलून दाखवा. त्यावर त्यांची प्रतिक्रिया काय होते, ते कानकोंडे होतात की कुतूहलाने ऐकतात, यावरून पुढचा निर्णय घेणे सोपे जाते. थांबायचेच ठरले तर एका सत्रात तसे सांगून दुसऱ्या कोणाचे नाव सुचवायला सांगावे. चांगले थेरपिस्ट ते देतात. लैंगिक जवळीक, बाहेर भेटण्याचा आग्रह किंवा पैशांची उसनवारी यांपैकी काहीही घडले तर मात्र निरोपाचे सत्र वगैरे शिष्टाचार पाळायचे कारण नाही. जाणे तत्काळ थांबवावे आणि संबंधित मंडळाकडे तक्रार करावी.

मितभाषी:

वरच्या प्रतिसादाला एक व्यावहारिक पुरवणी. सत्र बहुधा पंचेचाळीस ते पन्नास मिनिटांचे असते आणि वेळ संपली की ते खरोखरच संपते. पुष्कळ जण सर्वांत महत्त्वाची गोष्ट नेमकी उठता उठता, दाराच्या कडीवर हात ठेवून बोलतात, मग ती पुढच्या आठवड्यापर्यंत तशीच राहते. त्यामुळे जे सांगायला सर्वांत अवघड वाटते त्याची एक ओळ कागदावर लिहून न्या आणि पहिल्या दहा मिनिटांत वाचून दाखवा. तसेच पहिल्या भेटीनंतर लगेच कामाची बैठक ठेवू नका.