अनुमान : तर्काचं, यंत्राचं आणि खडेबाजारातलं

टिळकवाडीकर : बारावीच्या पोरांसाठी मशीन लर्निंगवर, म्हणजे यंत्राला उदाहरणांवरून शिकवण्यावर, मराठीत टिपणं काढतोय. 'इन्फरन्स'ला सगळीकडे 'अनुमान' मिळतं आणि तिथेच अडलंय. तर्कशास्त्रात आधारविधानं खरी आणि युक्तिवाद वैध असेल तर निष्कर्ष खराच. इकडे शिकवून तयार झालेल्या मॉडेलपुढे नवा फोटो ठेवला की ते 'मांजर, ०.९१', म्हणजे ९१ टक्के खात्री, असं म्हणतं, तेही इन्फरन्सच! त्यात आपल्या बेळगावात कन्नडचा घोळ. खडेबाजारात घड्याळ दुरुस्तीला दिलं. शनिवारी मिळेल का विचारलं, तर 'अनुमान ऐती'. मला वाटलं, तसा अंदाज आहे. शनिवारी हात हलवत परत. कन्नडात अनुमान म्हणजे शंका!

निपाणीकर : मग मॉडेलला कन्नड अर्थच शोभतो की ओ. बाकी, नियमावरून निष्कर्ष ते निगमन, उदाहरणांवरून नियम ते विगमन. बी.एड. झालेले अवगामी-उद्गामी म्हणतील. मशीन लर्निंग बहुतांशी विगमनच.

खानापूरकर : 'अनुमान'वर अन्याय नको. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, डोंगरावरच्या धुरावरून अग्नी ओळखायचा तर आधी 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती, म्हणजे कायमच्या सोबतीचा नियम, हवी, आणि ती स्वयंपाकघरात पुन्हापुन्हा पाहूनच कळते. व्याप्ती मिळवणं हे लर्निंग, ती डोंगराला लावणं हे लॉजिक. उलट 'जिथे अग्नी तिथे धूर' म्हणाल तर फसाल. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात धूर कुठला? धुराला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला 'उपाधी' म्हणतात. मागे बर्फ दिसला की कुत्र्याला लांडगा ठरवणारं मॉडेल असल्याच उपाधीत अडकलेलं असतं.

टिळकवाडीकर : हे टिपणात घेतो. दोन्ही जोडणारी शाखाही आहे, इंडक्टिव्ह लॉजिक प्रोग्रॅमिंग. हे नाव संगणकशास्त्रज्ञ स्टीफन मगलटन यांनी १९९१ मध्ये रूढ केलं. कोण कुणाचे वडील, कोण कुणाची बहीण एवढी माहिती आणि आत्या-भाच्यांच्या काही जोड्या दिल्या, की प्रोग्रॅम नियमच लिहून देतो : क्ष ही य च्या वडिलांची बहीण असेल तर क्ष ही य ची आत्या. टक्केवारी नाही, सरळ वाचता येणारा नियम. मी 'विगामी तर्क-आज्ञावली' लिहिलंय. जड आहे, कबूल.

शहापूरकर : आमच्या शेजारच्या कन्नड घरातल्या जोड्या देऊन बघा. वडिलांची बहीण अत्ते, मामी अत्ते, सासूही अत्ते. एका नियमात भागायचं नाही.

निपाणीकर : शब्दाचं काय ठरलं मग?

टिळकवाडीकर : तर्काला 'निगमन', मॉडेलच्या उत्तराला 'अंदाज'. 'अनुमान' खानापूरकरांच्या धुराला ठेवलं. घड्याळ अजून दुकानातच आहे.