हर्नियाला कातडीवर चीरा कशाने? ब्लेड की कॉटरी?

टाकेवाला
सरळ सांगतो, जांघेतल्या हर्नियाला (ओपन, जाळी टाकून करतो तो) कातडीपासूनच कॉटरी (विजेच्या करंटने कापणारं आणि रक्त थांबवणारं हत्यार) वापरायला हरकत नाही, "कातडीला ब्लेडच" हा नियम आपण सिनियरनी सांगितला म्हणून पाळतोय. पाच-सहा सेंटिमीटरचा चीरा, ब्लेडने घेतला की कडेने रक्त झिरपत राहतं, गॉज दाबून बसा आणि शेवटी त्याच रक्तासाठी कॉटरी मागा. मग आधीच का नको? तुलना केलेल्या बऱ्याच ट्रायल्समध्ये कॉटरीने रक्त कमी गेलंय आणि जखम पिकण्याचं प्रमाण काही वाढलेलं दिसलेलं नाही.

पंधरा_नंबर
रक्त कमी म्हणजे किती हो? काही मिली! हर्नियाच्या पेशंटला त्याने काय फरक पडतो. कातडीची कड भाजली की ती मेलेली कडच टाक्यात येते, आणि खाली जाळी आहे हे विसरू नका, वरवरची जखम पिकली तर ड्रेसिंगवर निभावतं पण पू जाळीपर्यंत गेला तर जाळी काढायची पाळी येऊ शकते.

टाकेवाला
कड भाजते ती चुकीच्या मोडमुळे. कट मोडला करंट सलग असतो, व्होल्टेज कमी, पेशीतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेशी फुटते. कोॲगला (रक्त गोठवायच्या मोडला) करंट तुटक, व्होल्टेज जास्त, उष्णता बाजूला पसरते. सुईसारखं टोक घ्या, कट मोड लावा, एकाच ठिकाणी न थांबता हात चालता ठेवा. कोॲगवर करवतीसारखं ओढत बसलं तर काळी कड येणारच, त्यात यंत्राचा काय दोष. आणि कोक्रेनच्या (ट्रायल्स एकत्र करून तपासणारी संस्था) २०१७ च्या आढाव्यातही जखम पिकण्यात खास फरक नाही.

पंधरा_नंबर
तो आढावा पोटाच्या मोठ्या चीऱ्यांचा आहे साहेब, जांघेचा नाही. तिथला निष्कर्ष उचलून इथे चिकटवू नका.

ओटीसिस्टर
तुम्ही दोघं भांडा, धूर आम्ही खातो. सक्शन टोकाजवळ धरायला कोणाला सांगितलं की "अहो दोन मिनिटांचं काम आहे" म्हणतात. पण खरं सांगायचं तर ब्लेड ट्रेमध्ये परत देताना बोट कापून घेतलेली माणसंही मी पाहिलीत, त्यामुळे मी कुणाच्याच बाजूने नाही.

भूलथाप
भूलवाल्याचंही ऐका. स्पिरिटवालं प्रेप (कातडी निर्जंतुक करायचं औषध) लावून लगेच कॉटरी पेटवणारे लोक बघितले की माझाच बीपी वाढतो. किमान ३ मिनिटं वाळू द्या, केस असतील तर आणखी वेळ लागतो, आणि जांघेच्या घडीत साचलेलं पुसून घ्या. १९२६ मध्ये बॉस्टनला मेंदूचे सर्जन कुशिंग यांनी बोव्हीचं कॉटरी यंत्र वापरलं तेव्हा भुलीच्या ईथरच्या भडक्याची भीती होती, आता ईथर गेलं आणि स्पिरिट आलं एवढंच. पेसमेकर असला तर आधी मला सांगायचं, चीरा घेताना नाही!!

जांघेत_टाके
मी डॉक्टर नाही, दोन्ही बाजूंची ऑपरेशनं झालीत, एक ब्लेडने आणि एक कॉटरीने असं मला नंतर कळलं. आता आरशात बघून कुठली कुठली ते मला सांगता येत नाही. त्रास व्रणाचा नाही, एका बाजूला मांडीच्या आतल्या भागात अजून बधिर वाटतं.

पंधरा_नंबर
तुमचा बधिरपणा बहुतेक आतल्या नसेचा, इलिओइंग्वायनलचा, त्याचा कातडी कशाने कापली याच्याशी संबंध नसावा, तुमच्या सर्जनना दाखवा. आणि व्रण चांगला दिसायचा तर चीरा घडीच्या रेषेत घ्या, हत्यार नंतर बघू. बाकी माझं तेच, कातडीला ब्लेड, खालच्या चरबीला आणि मध्ये येणाऱ्या शिरांना कॉटरी, तिथे माझा वाद नाहीच.

टाकेवाला
चालेल. फक्त त्या चरबीसाठी तरी नवं टोक मागत जा, तुमच्याकडच्या टोकावर मागच्या केसचा कोळसा बसलेला असतो आणि मग "कॉटरी भाजते" म्हणता.