पार्ट वन अवॉर्डवरच हायकोर्ट गाठायचं का?

दापोलीकर६२
काल इथे एका शहाण्याने लिहिलं, "लेबर कोर्टाचा मधला आदेश चुकला तर तिथल्या तिथे वर जावं, शेवटापर्यंत थांबणं भाबडेपणा." रात्रभर डोक्यात तेच.

खेडजवळच्या एका कारखान्यातून मला काढलं. कंपनीची चौकशी न्याय्य नव्हती, असा पार्ट वन अवॉर्ड, म्हणजे लेबर कोर्टाचा मधला निवाडा, माझ्या बाजूने लागला. आता कंपनीने कोर्टात पुरावा द्यायचा, एवढंच उरलं. तर कंपनीवाले त्या आदेशाविरुद्ध रिट याचिका घेऊन हायकोर्टात! चार वर्षं मी मेव्हण्याच्या होडीवर जाळी सांधत बसलो. कामावर घ्या असा अंतिम निवाडा होऊन कंपनी वर गेली, तर माझ्यासारख्या जुन्या खटल्यात औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १७-ब खाली शेवटचा पगार तरी सुरू होतो. मधल्या आदेशावर दमडी नाही. म्हणूनच मधे जातात. कूपर इंजिनिअरिंगच्या निकालात सुप्रीम कोर्टाने १९७५ सालीच सांगितलंय, प्राथमिक मुद्द्यावरून खटला अडवू नका, काय ते शेवटी मांडा. ऐकतो कोण?

खाडीकाठ
काका, तो शहाणा मीच. आणि मीही कामगारच. कंपनीने जुने मस्टर (हजेरीपट) हजर करावेत हा माझा अर्ज फेटाळला. मस्टरशिवाय वर्षात २४० दिवस काम केल्याचं सिद्ध कसं करायचं? वर गेलो, मस्टर आले. माझी सही निळ्या शाईत, त्यावर 'गैरहजर' लाल शाईत. थांबलो असतो तर केस तिथेच मेली असती. शिवाय रिट दाखल झाली म्हणजे खटल्याला स्टे (स्थगिती) मिळाला असं नाही. केस चालवा म्हणून अर्ज दिलात का?

दापोलीकर६२
दिला होता! साहेब म्हणाले, "वरून काय येतं बघू." रोजनाम्यात पुढची तारीख.

कुडाळचो
हायकोर्ट हायकोर्ट करतात, पण जातलात खंय? पयली रात्री कोकणकन्येत बसला की सकाळी मुंबय. ऑगस्ट २०२५ पासून आमका हायकोर्टाचा कोल्हापूरचा बेंच. पावसात घाटात दरड इली की अशील हंय नि वकील थंय.

आंबाघाट
रडगाणं पुरे. रत्नागिरीहून कोल्हापूर मुंबईच्या निम्म्यानेही नाही. तारीख करून रात्री जेवायला घरी. मुंबईत लॉजचं भाडं तुम्ही भरणार होतात?

कुडाळचो
तुमका रत्नागिरीकरांका सगळाच सोयीचा! विमानतळ होयो, कॉलेज होया, आता कोर्टय.

आंबाघाट
तुमच्या सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ कुठे आहे, रत्नागिरीत?

दापोलीकर६२
अरे, धागा घाटाचा नाहीये!

एचआरवाला
आमचंही ऐका. चौकशी रद्द झाली की दहा वर्षांपूर्वीचे साक्षीदार आणायचे कुठून? एक सुपरवायझर निवृत्त, दुसरा वारला. मग वर नाही जायचं तर काय करायचं?

दापोलीकर६२
चौकशी नीट करायची. माझं आरोपपत्र ज्याने काढलं, तोच चौकशी अधिकारी म्हणून समोर बसला होता. चहा मात्र चांगला पाजला.

एचआरवाला
...तशी चौकशी असेल तर बोलणंच खुंटलं.

खाडीकाठ
बरं काका, तुमच्या चार वर्षांपुढे माझं मस्टर किरकोळ, मान्य. पण पुन्हा अर्ज फेटाळला तर मी वर जाणारच.

दापोलीकर६२
जा बाबा. घाट चालू आहे का विचारून जा.